काच शाबूत आहे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, लेकीला नाही. देवापुढेसुद्धा नाही — त्याच्यापुढे मी रोज बसते, पण हा विषय मनात आला की जपाची माळ जरा भरभर ओढते. मग तुम्हाला का सांगते आहे? खरं म्हणजे ते मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

तोंडाची फटकळ, पण खोटं बोलणार नाही — अशी माझी गल्लीभर ख्याती होती. अजून आहे. कुणाच्या नळावर कोण आधी आलं यावरून जुंपली तरी बायका म्हणायच्या, काकूंना विचारा. मला ते आवडायचं. का नाही आवडणार? दिसायला मी बेताची, माहेर गरिबाचं, यजमान शाळामास्तर. मिरवायला माझ्याकडे दुसरं होतं काय? लिहायला-वाचायला येत होतं आणि शब्दाला किंमत होती.

आम्ही तेव्हा जुन्या नाशकात भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरमालक दादासाहेब आमच्या ओळखीतले, स्वभावानं वाईट नव्हते — हे मुद्दाम सांगते, कारण गोष्टीत घरमालक आला की लोकांना आपोआप राक्षस दिसायला लागतो. घराचं तोंड आमच्या गल्लीला आणि पाठ पलीकडच्या गल्लीला. पाठीमागच्या खोलीत रसूलभाई कल्हईवाले राहायचे. त्यांची बायको हमीदाबी, आणि सात वर्षांची मुलगी नूरी. माझं स्वयंपाकघर आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, जुनी, विटामातीची.

त्या भिंतीपलीकडे हमीदाबी अकरा वर्षं राहिली. समोरासमोर आम्ही किती वेळा बोललो असू? दहा? बारा? माझं स्वयंपाकघर सोवळ्याचं. तिथे आमच्यातलं माणूससुद्धा हातपाय धुतल्याशिवाय येत नसे, मग तिची काय कथा. माझी भांडी कल्हईला तिच्याच नवऱ्याकडे जात, आणि परत आली की चिंचेनं घासून, विस्तवावरून फिरवून मगच मी आत घेई. पण भिंतीतून मला तिचं सगळं घर ऐकू यायचं. भात्याचा फुसफुस आवाज, भाकरी थापल्याचा आवाज, नूरीला रागावणं, मग लगेच हसणं. मला तिच्या हसण्याची सवय झाली होती. ते एखाद्या दिवशी ऐकू आलं नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

सिंहस्थ तोंडावर आला होता. बारा वर्षांनी येणारी पर्वणी. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, यात्रेकरूंची झुंबड उडणार, ज्याच्या त्याच्या घरात उतारू भरणार. दादासाहेबांनी ठरवलं की आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत दुमजली उताराघर उठवायचं. पाया खणायला माणसं लागली. चर थेट त्या भिंतीच्या टोकाशी आला, आणि भिंतीच्या पायापेक्षाही खोल गेला. आठ दिवसांत माझ्या स्वयंपाकघरात, कोपऱ्यातल्या फळीच्या मागे, वरपासून खालपर्यंत एक चीर पडली. केसाएवढी. हमीदाबीच्या बाजूनं तशीच.

रसूलभाई भित्रा माणूस नव्हता. तो सरळ एका वकिलाकडे गेला. वकील म्हणाले, भाडेकरू झाला म्हणून काय झालं, राहतं घर धोक्यात येईल असं बांधकाम मालकाला करता येत नाही. कोर्टातून मनाईहुकूम आणू, काम थांबेल. कागद तयार झाला. त्यावर आमच्या घरातूनही सही हवी होती, आणि त्यासाठी रसूलभाई आमच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला. यजमान शाळेत. मी दारात.

तो कागद मी परत पाठवला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं मी त्याला ऐकवलं. माणसामाणसांत मिटत असेल तर काळा कोट कशाला? ऐटीत बोलले मी. मग मीच दादासाहेबांशी बोलले आणि मीच मधला मार्ग काढला. गवंड्यांची एक जुनी रीत असते — चिरेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून ठेवायची. भिंत स्थिर असेल तर काच तशीच राहते. हलली तर काच तुटते. सगळ्यांदेखत करार लिहिला, अक्षर माझं. काच तुटली की त्याच दिवशी काम बंद. दोन्ही भाडेकरूंना मालकानं दुसरीकडे जागा द्यायची, भिंत नव्यानं बांधायची आणि मग ज्याची खोली त्याला परत. काच तुटल्यावरही काम चालू ठेवलं तर जे होईल त्याला मालक जबाबदार. दादासाहेबांनी सही केली. रसूलभाईनं अंगठा उठवला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही बोलता ना, मग आपल्याला कोर्ट-बिर्ट नको."

भिका गवंडी काच लावायला आला. हमीदाबीच्या बाजूला कल्हईचा धूर आणि काजळी, तिथे चुना धरेना. म्हणून काच माझ्या बाजूला लावायची ठरली. त्या दिवशी स्वयंपाकघरातलं सगळं बाहेर काढलं. भिकानं चिरेवर पट्टी ठेवली, दोन्ही टोकांना चुन्याचे गोळे दाबले. पट्टीवर मी तारखेची चिठ्ठी लिहून खळीनं डकवली. त्यानं तीन पट्ट्या आणल्या होत्या, लागली एकच. उरलेल्या दोन मी ठेवून घेतल्या. वस्तू फेकवत नाही हो माझ्याच्यानं.

जाताना तो म्हणाला, "काकू, ही काच लय खरी हाय. तडकली तर चहा प्यायला बी थांबू नका. आणि तुमचं नाय, पर त्यांचं जपा. तुमचं वासं दुसऱ्या भितीवर हायेत, त्यांची तुळई हितं टेकलीया. भिताड गेलं तर तिकडंच जाणार."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

तो गेल्यावर मी जमीन शेणानं सारवली, गोमूत्र शिंपडलं आणि स्वयंपाकघर पुन्हा सोवळ्यात घेतलं. म्हणजे काय झालं, ते आलं ना ध्यानात? त्या काचेवर दोन घरं उभी होती, आणि ती बघायला माझ्या उंबऱ्याच्या आत कुणी येऊ शकत नव्हतं. दादासाहेब यायचे, दारातूनच विचारायचे, "काय काकू, काच?" मी म्हणायची, शाबूत आहे. घरात तरी बघणारं कोण? यजमानांना पानातलं मीठ दिसत नसे, भिंतीवरची काच कुठून दिसणार! आणि माझी लेक इंदू — लग्न ठरलेल्या मुलीचं लक्ष भिंतीकडे असतं का?

हमीदाबीसाठी आम्ही एक खूण ठरवली होती. खूण तिचीच. रोज सकाळी चूल पेटवली की मी काच बघायची आणि लाटण्यानं भिंतीवर दोन ठोके मारायचे. दोन ठोके म्हणजे काच शाबूत आहे. ती पलीकडून दोन ठोके परत द्यायची. नूरीला ते फार आवडायचं. कधीकधी ठोके अगदी खालून यायचे, म्हणजे समजायचं की आज ते तिनं मारले. अकरा वर्षांत आमची जेवढी ओळख झाली नव्हती, तेवढी त्या ठोक्यांनी झाली.

आता इंदूविषयी सांगते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण ते न सांगता पुढचं तुम्हाला समजणार नाही.

इंदूला सोळावं सरत होतं. शारदा कायदा झाल्यापासून मुली जरा मोठ्या होईपर्यंत घरात राहायला लागल्या होत्या, पण सोळा म्हटलं की लोक हळूच विचारायचेच. तीन ठिकाणी नकार आला होता. चौथं स्थळ वणीचं. मंडळी चांगली, मुलगा पोस्टात. त्यांनी होकार दिला आणि वैशाखातला मुहूर्त धरला, कारण पुढे सिंहस्थ. गुरू सिंहेत शिरला की आमच्यात लग्नं लागत नाहीत. वर्ष-सव्वा वर्ष नुसतं बसून राहायचं. वणीची मंडळी तेवढं थांबणारी नव्हती, तसं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. गंमत बघा, दादासाहेबांना सिंहस्थाआधी घर उठवायचं होतं आणि मला सिंहस्थाआधी मुलगी उजवायची होती. घाई दोघांनाही एकाच ग्रहाची.

लग्नाला पंधरा दिवस होते. सकाळी चूल पेटवली, फळीमागे दिवा धरला — आणि काच तुटलेली.

अगदी मधोमध, सरळ. वरचा तुकडा वर, खालचा खाली, आणि मध्ये एक बारीक काळी रेघ. मला काय करायचं हे ठाऊक नव्हतं, असं म्हणू? ठाऊक होतं. करार माझ्याच हातानं लिहिला होता. पण डोळ्यांपुढे काय आलं? हमीदाबी आली नाही. तुळई आली नाही. सामानाच्या गाठोड्यांवर बसलेली इंदू आली, आणि घरातून बाहेर पडावं लागलेल्या लोकांकडे सोयरीक कशाला, म्हणणारे वणीचे व्याही आले. पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस धरली भिंत, की सांगू. इतकी वर्षं उभी आहे ती, पंधरा दिवसांत काय होतंय?

इंदू गंगेवर गेली होती. मी पानाच्या डब्यातला चुना घेतला, त्यात डिंक कालवला. जुने तुकडे काढून चुलीच्या राखेत पुरले. ठेवलेल्या दोन पट्ट्यांतली एक लावली. चिठ्ठी नव्यानं लिहिली — तारीख तीच, जुनी. अक्षर माझंच, मग ओळखणार कोण? हात थरथरला असेल असं तुम्हाला वाटतं? नाही थरथरला. चिठ्ठी पहिल्यापेक्षा चांगली आली.

मग मी लाटणं घेतलं आणि भिंतीवर दोन ठोके मारले.

त्या दिवसापासून दहाव्या दिवशी ती काचही गेली. शेवटची पट्टी लावली, चिठ्ठीवर तीच जुनी तारीख घालून. आता एक वासही यायला लागला होता — रसूलभाई भांडं तापवून नवसागर टाकायचा, त्या धुराचा. अकरा वर्षांत तो कधी माझ्या स्वयंपाकघरात आला नव्हता. आता चिरेतून येत होता. मी चिरेत शेणमाती भरली. इंदूनं विचारलं, तर म्हटलं, सोवळ्यात असला वास कसा चालेल? पोरीला ते पटलं.

अजूनही वेळ होती, नाही का? नुसतं पलीकडच्या गल्लीत जाऊन म्हणायचं, हमीदाबी, चार दिवस भावाकडे जाऊन ये. कारण सांगायचीही गरज नव्हती. तिनं ऐकलं असतं. पण मी त्या गल्लीत कधीच गेले नव्हते, आणि गेले असते तर लोकांनी विचारलं असतं, काकू आज इकडे कशा? मी ह्या एका प्रश्नाला घाबरले. त्या भिंतीपेक्षा जास्त.

लग्नाला तीन दिवस होते. सकाळी नऊ-दहाचा सुमार. इंदू मैत्रिणींकडे केळवणाला गेलेली. मी रुखवताच्या करंज्या लाटत होते. बाहेर चरात पहारींचे घाव पडत होते. आधी वरून माती गळल्यासारखा आवाज झाला, आणि मग भिंत गेली. मोठा धडाका झाला नाही. कुणीतरी जड पोतं उतरवावं तसा आवाज, आणि त्याच्यावर लाकूड मोडल्याचा. माझ्यासमोर भिंतीच्या जागी उजेड होता. धुळीतून मला पहिल्यांदा हमीदाबीची खोली दिसली. भाता दिसला, खुंटीवरचा हिरवा दुपट्टा दिसला. भिका म्हणाला होता तशीच भिंत तिकडे गेली होती, आणि तुळई तिच्या चुलीवर आडवी पडली होती.

माझ्या करंज्यांवर नुसती धूळ बसली होती.

रसूलभाई फेरीवर होता. माणसं धावली, ढिगारा उपसला. तिला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. हाताला पीठ तसंच लागलेलं. नूरी गल्लीत उभी होती, तिला ओरखडाही नव्हता. कुणीतरी तिला विचारलं, बेटी, तू बाहेर कशी? आणि ती सगळ्यांसमोर, माझ्यासमोर, स्पष्ट बोलली, "अम्मीच्या डोक्यावर माती पडली. अम्मीने मला बाहेर काढलं. मग अम्मीने भिंत ठोकली. काकूंनी ठोकलं. मग अम्मी बोली, काकू सांगतात ना, काही नाही, आणि परत रोटी करायला बसली."

हे मी मघाशी गाळलं. करंज्या लाटत होते असं म्हणून पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली, पंच बसले. ढिगाऱ्यात काचेचा एक तुकडा सापडला होता, त्यावर माझी चिठ्ठी. पंचांनी विचारलं, काच कधी तुटली? मी म्हटलं, सकाळपर्यंत शाबूत होती, भिंत पडताना तुटली असेल. शपथेवर म्हटलं. कुणीतरी रसूलभाईला विचारलं, तुला काही शंका आहे का? तो मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "काकू झूट बोलणार नाहीत." त्याच्या तोंडून ते वाक्य आलं आणि मालक सुटला. करारात लिहिलं होतं ना — काच तुटल्यावर काम चालू ठेवलं तर मालक जबाबदार. काच तर तुटलीच नव्हती. म्हणून जबाबदार कुणी नाही, दुसरी जागा नाही, खोलीवर हक्क नाही. रसूलभाईनं कोर्टात टाकायचा कागद मीच परत पाठवला होता, आणि त्याच्या जागी जो दिला तोही मीच असा निकामी केला.

आणि लग्न? लागलं की. वणीहून निरोप आला, गेलेलं माणूस परक्यांचं आहे, आपल्याला सुतक नाही. दादासाहेबांनी स्वतःचा दिवाणखाना मांडवासाठी उघडून दिला. वर म्हणाले, "काकू, तुम्ही आधी नुसतं म्हणाला असता तरी दिला असता." ते सहज म्हणाले.

रुखवतात मांडायची पातेली कल्हईला रसूलभाईकडे होती. ती ढिगाऱ्यात सापडली. लग्नाच्या आदल्या दिवशी तो ती घेऊन ओट्याखाली आला. पोचे ठोकून काढलेले, आतून चांदीसारखी चकाकत होती. पातेली ठेवून तो म्हणाला, "अमानत होती तुमची." आणि गेला. मग मी काय केलं असेल? चिंचेनं घासली, विस्तवावरून फिरवली आणि आत घेतली.

पुढच्या महिन्यात तो नूरीला घेऊन नांदगावला मेव्हण्याकडे निघून गेला. सिंहस्थ झाला. हमीदाबीच्या खोलीची जागाही पोटात घेऊन उताराघर उठलं, त्यात भक्त मंडळी उतरली, भजनं झाली. आम्ही अजून तिथेच आहोत. माझ्या स्वयंपाकघराला आता पक्की चुन्याची भिंत आहे. इंदूला दोन मुलं. ती माहेरी आली की म्हणते, आई, तुझ्यासारखं खरं बोलायला मला जमत नाही. आज सात वर्षं झाली. बायका अजून म्हणतात, काकूंना विचारा.

आता जे उरलं आहे तेवढं सांगते.

हमीदाबीनं त्या सकाळी भिंत ठोकली. आमच्या खुणेचे दोन ठोके नव्हते ते; चार-पाच, घाईघाईचे. असं तिनं पूर्वी कधी विचारलं नव्हतं. मी लाटता लाटता थांबले. फळीकडे बघायची मला गरज नव्हती. शेवटची काच त्या दिवशी पहाटेच तडकली होती, मी ती चूल पेटवताना पाहिली होती. लावायला चौथी पट्टी नव्हती. तरी सकाळचे ठोके मी दिले होते. आणि आता ती पुन्हा विचारत होती.

लाटणं हातातच होतं. मी दोन ठोके मारले.